खेचरांच्या वाटेवर सायकल

मागच्या अंकात आम्हा पाच मैत्रिणींच्या सायकल सहलीबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या कंबरलंड गावापासून वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागापर्यंत, पोटोमॅक नदीचा काठ धरून एक जुना कालवा जातो. चेसापीक अँड ओहायो कालवा. लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर. कालव्यातल्या नावा खेचरं ओढत असत आणि त्यांना चालायला काठाने वाट बांधलेली होती. आज त्या वाटेवरून लोक पायी आणि सायकलने जातात. मी दोनदा गेले, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरमध्ये. लेख वाचून बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : माझं वय ६१. आम्ही चार मित्र कॉलेजपासूनचे. बाकी तिघं दर शनिवारी शंभर किलोमीटर सायकल चालवतात. माझा गुडघा दुखतो, त्यामुळे मी दिवसाला चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जात नाही. त्यांनी कंबरलंड ते वॉशिंग्टन पाच दिवसांचा बेत आखलाय. मी गेलो तर त्यांची सहल बिघडेल असं सारखं वाटतं. जाऊ की नको? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : जा. आणि बेत पाच दिवसांचा नको, सात दिवसांचा करायला लावा. हे तुमच्या गुडघ्यासाठी सांगत नाहीये, चौघांसाठी सांगतेय.

पाच दिवस म्हणजे रोज साठ किलोमीटर. तुमच्या मित्रांना हा आकडा किरकोळ वाटेल, कारण त्यांचे शंभर किलोमीटर डांबरी रस्त्यावरचे आहेत. ही वाट मातीची आणि बारीक खडीची. मध्येच झाडांची मुळं वर आलेली, सावलीत चिखल साठलेला, मागे सामानाच्या पिशव्या. शिवाय एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. या वाटेला चढ नाही तसा उतारही नाही. कंबरलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत सगळं मिळून ६०५ फूट खाली उतरायचं, तेसुद्धा ७४ लॉकांपाशी, म्हणजे नावा वर-खाली करायच्या दारांच्या दगडी खोल्यांपाशी, थोडं थोडं. पायडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. सीटवर बसून पायांना विसावा असा मिळतच नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्याआधी बैठक आणि तळहात बोलायला लागतात, आणि ते तरुणांचेही बोलतात.

आम्ही दुसऱ्या खेपेला असे टप्पे केले. पहिल्या दिवशी कंबरलंड ते पॉ पॉ गाव, ४५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी हँकॉक, ५१. तिसऱ्या दिवशी विल्यम्सपोर्ट, ४०. चौथ्या दिवशी शेफर्ड्सटाउन, ४३. पाचव्या दिवशी हार्पर्स फेरीपर्यंत फक्त १९, कारण ते गाव पाहायला अर्धा दिवस हवाच. शेनान्डोआ आणि पोटोमॅक या दोन नद्यांचा तिथे संगम आहे आणि १८५९ साली जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध उठाव करून जिथला शस्त्रागार ताब्यात घेतला तेच हे गाव. नदीवरच्या पुलावर जायला मेरीलँडच्या बाजूने गोल जिना आहे, सायकल उचलून न्यावी लागते. तुमची सायकल मित्रांना उचलू द्या. सहाव्या दिवशी व्हाइट्स फेरीच्या आसपासचा तळ, ४० किलोमीटर. सातव्या दिवशी जॉर्जटाउन, ५७. हा शेवटचा टप्पा सगळ्यांत मोठा, पण तोवर अंग तयार झालेलं असतं आणि वाटेत ग्रेट फॉल्सचा धबधबा आहे. तिथे तासभर बसा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. आमच्या पहिल्या खेपेला आमच्यातली शाळेत गणित शिकवणारी मैत्रीण सगळ्यांत सावकाश होती. चौथ्या दिवशी विल्यम्सपोर्टहून निघालो. त्या टप्प्यात बिग स्लॅकवॉटर नावाची जागा लागते. तिथे नावा कालवा सोडून थेट नदीत उतरत, त्यामुळे वाट कड्याला चिकटून पाण्याच्या अगदी वरून जाते. पुरांनी ती इतकी खाल्ली होती की कितीतरी वर्षं सायकलवाल्यांना गाड्यांच्या रस्त्याने वळसा घालावा लागे. २०१२ साली तिथे काँक्रीटची नवी वाट झाली. तीन दिवसांच्या चिखलानंतर ती गुळगुळीत वाट मिळाली आणि आम्ही चौघी सुसाट सुटलो. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पंप आणि जादा ट्यूब माझ्या पिशवीत होत्या.

टेलर्स लँडिंगपाशी तिचं मागचं चाक पंक्चर झालं. फोनला रेंज नाही. आठवड्याचा मधला दिवस, वाटेवर चिटपाखरू नाही. स्नायडर्स लँडिंगपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटर, ती लादलेली सायकल ढकलत चालली. आम्ही तिथे झाडाखाली बसून सुकामेवा खात होतो. ती आली, सायकल झाडाला टेकवली आणि पाणी प्यायली. रागावली नाही, रडली नाही. संध्याकाळी तंबूत लवकर झोपली. मला रात्रभर झोप आली नाही. पंप माझ्याकडे होता.

दुसऱ्या सकाळी आम्ही चार गोष्टी ठरवल्या आणि मग शेवटपर्यंत मोडल्या नाहीत. सगळ्यांत सावकाश जाणारी सगळ्यांत पुढे. पंप, ट्यूब आणि अवजारं सगळ्यांत मागच्या बाईकडे. वाटेवर दर मैलाला खांब आहे, त्यातल्या दर पाचव्या खांबापाशी सगळ्यांनी थांबायचं आणि शेवटची आली की लगेच निघायचं नाही, तिला दहा मिनिटं बसू द्यायचं. ही चौथी गोष्ट सगळेच विसरतात. पुढचे बसून ताजेतवाने होतात, मागचा पोचतो आणि हे म्हणतात, चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती कधी मिळत नाही.

त्या दिवसापासून आमचा वेग कमी झाला आणि दिसायला जास्त लागलं. पाण्यातल्या लाकडावर ओळीने बसलेली कासवं मी त्याआधीच्या चार दिवसांत एकदाही पाहिली नव्हती. तुम्ही पुढे असाल तर तुमचे मित्रही ती पाहतील. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

प्रश्न : मला बंद जागेची भीती वाटते. वाटेत मोठा बोगदा आहे असं वाचलं आणि माझा धीर गेला. टाळता येतो का? (एक वाचक भगिनी, पुणे, मुलीकडे मेरीलँडला जाणार आहेत)

उत्तर : टाळता येतो, पण आधी तो कसा आहे ते ऐका. पॉ पॉ बोगद्याची लांबी ३,११८ फूट, म्हणजे साडेनऊशे मीटर. सायकलवरून उतरून चालतच जायचं, तसा नियम आहे. वाट अरुंद, एका बाजूला विटांची ओली भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली कालव्याचं काळं पाणी. वरून थेंब गळतात. दिवे नाहीत. पण बोगदा सरळ आहे, त्यामुळे पलीकडच्या तोंडाचा उजेडाचा ठिपका पहिल्यापासून समोर दिसतो आणि मोठा होत जातो. मला वाटतं, तुमच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

आमच्यातल्या एका मैत्रिणीला हीच भीती आहे. ती स्वतः भूलतज्ज्ञ आहे, रोज इतरांची भीती घालवते. तिने एक हात कठड्यावर ठेवला, तिची सायकल मी घेतली आणि ती मोठ्याने पावलं मोजत निघाली. चौदाशेच्या आसपास बाहेर आली. मध्येच तिच्या हाताला कठड्यात खाचा लागल्या. नावा ओढणाऱ्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून पडलेल्या त्या खाचा. पुढे ती पावलं मोजता मोजता त्या खाचाही चाचपत राहिली. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकीकडे हवी, मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका. एक हात सायकलला आणि एक कठड्याला, मग मोबाइल धरणार कुठे?

तरीही नकोच असेल तर डोंगरावरून पायवाट आहे, सुमारे दोन मैलांची आणि चांगलीच चढाची. सामानासकट सायकल तिच्यावरून नेणं जड जातं. सायकल मैत्रिणीकडे द्या, ती बोगद्यातून आणेल, तुम्ही वरून चालत या. त्यात कमीपणा काही नाही.

हा बोगदा खणला तो नदीची पाच मोठी वळणं टाळण्यासाठी. १८३६ साली काम सुरू झालं तेव्हा कंत्राटदाराला वाटलं होतं, रोज सात-आठ फूट खडक फुटेल. फुटला तो आठवड्याला दहा-बारा फूट. दोन वर्षांचं म्हणून धरलेलं काम चौदा वर्षं चाललं, मधली काही वर्षं पैशाअभावी बंदच पडलं. मजुरांची देणी थकली, मारामाऱ्या झाल्या. आतल्या विटा जवळजवळ साठ लाख आहेत. पलीकडे बाहेर पडलात की मागे वळून त्या कमानीकडे एकदा बघा.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा विचारतो, कालवा आहे तर त्यात पाणी का नाही? फोटोत नुसती झाडं दिसतात. त्याला काय सांगू? (एक आई, ठाणे)

उत्तर : त्यालाच सांगते. बाळा, तू बरोबर पाहिलंस. ग्रेट फॉल्सजवळ, विल्यम्सपोर्टला आणि आणखी काही ठिकाणी पाणी आहे. बाकी लांबच लांब कालव्याच्या तळात मोठमोठी झाडं उगवली आहेत. त्यांच्या बुंध्यावरूनच कळतं की पाणी जाऊन खूप वर्षं झाली.

४ जुलै १८२८ या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारायला घेतली. खाली झाडाचं मूळ होतं, माती निघेना. त्यांनी अंगातला कोट काढला आणि पुन्हा जोर लावला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंमत अशी की त्याच दिवशी तिथून जवळच्या बाल्टिमोर शहरात एका रेल्वेचाही पहिला दगड बसवला गेला. दोघांनाही पश्चिमेकडे जायचं होतं. रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोचली. कालवा पोचला १८५० साली. त्याला तिथून पुढे ओहायो नदीपर्यंत जायचं होतं, म्हणून तर नावात ओहायो. पण तो पुढे गेलाच नाही.

तरी तो सत्तरएक वर्षं राबला. नावा मुख्यतः कोळसा नेत, एकेका नावेत शंभर टनांहून जास्त. नाव ओढायला दोन-तीन खेचरं, आणि त्यांना धरून चालायला पुष्कळदा तुझ्याएवढीच मुलं. नाव हेच त्यांचं घर, आईवडील नावेत. खेचरांची दुसरी जोडी नावेतच पुढच्या बाजूला विश्रांती घ्यायची. पहिली दमली की पाळी बदलायची.

नदी उतरत जाते, मग कालवा सपाट कसा ठेवायचा? त्यासाठी लॉक, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातला जलपाश. दगडी भिंतींची लांबट खोली, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. नाव आत आली की वरचा दरवाजा बंद करायचा आणि खालून पाणी सोडून द्यायचं. पाण्याबरोबर नाव साधारण आठ फूट खाली बसते. मग खालचा दरवाजा उघडून ती पुढे निघते. घरी एका लांबट डब्यात दोन पुठ्ठे उभे लावून करून बघ. पुठ्ठे भिजतील, प्लॅस्टिकचे घे.

कालव्याला हरवलं ते पुरांनी. १८८९ सालच्या पुरात तो इतका मोडला की कंपनी बुडाली आणि ताबा त्याच रेल्वेच्या हातात गेला. १९२४ साली पुन्हा पूर आला, त्यानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ साली सरकारने तो वीस लाख डॉलरना विकत घेतला. पुढे त्यावरून मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने त्याला पाठिंबा देणारा अग्रलेख लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच वर्तमानपत्राला पत्र धाडलं, माझ्याबरोबर ही सगळी वाट चालून बघा आणि मग मत द्या. मार्च १९५४ मध्ये ५८ जण निघाले. सगळी वाट पायी पुरी करणारे नऊच, त्यांत डग्लस होते. वर्तमानपत्राने आपलं मत बदललं. रस्ता झाला नाही. १९७१ साली कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. म्हणून आपल्याला तिथे सायकल चालवता येते.

प्रश्न : आमच्या गटात तंबूवरून वाद आहे. दोघांना तंबूतच राहायचंय, दोघांना रोज गरम पाण्याची अंघोळ हवी. तोडगा सुचवा. (चौघांच्या वतीने एक वाचक, टेक्सास)

उत्तर : वाद नको, वाट दोन्ही देते. दर पाच-सात मैलांवर चालणाऱ्या आणि सायकलने जाणाऱ्या लोकांसाठी मोफत तळ आहेत. आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा, आणि एका तळावर एकच रात्र. तिथे टेबल, चूल, फिरतं शौचालय आणि हातपंप. अंघोळ नाही. हँकॉक, विल्यम्सपोर्ट, शेफर्ड्सटाउन, हार्पर्स फेरी या गावांत किंवा गावांजवळ भाड्याच्या खोल्या मिळतात. आम्ही दोन रात्री तंबूत, मग एक रात्र खोलीत असा क्रम ठेवला आणि सगळ्यांचं समाधान झालं. तिसऱ्या संध्याकाळी गरम पाणी अंगावर पडतं तेव्हा तंबूचा हट्ट धरणारेही गप्प होतात. आणखी एक सोय आहे. लॉक सांभाळणाऱ्या माणसांची जुनी घरं, लॉकहाउस. त्यांतली काही रात्रीपुरती भाड्याने मिळतात. काहींत वीज आहे, काहींत नाही. आधी नोंदवावं लागतं. चौघं आहात, तर एक रात्र तिथे काढाच.

हातपंपाच्या पाण्यात आयोडीन असतं, पिवळसर दिसतं, चव औषधी लागते. चालतं. पण एखाद्या पंपाचा दांडा काढून ठेवलेला दिसला तर ते पाणी तपासणीत उतरलेलं नाही असं समजा. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळेच दांडे काढलेले असतात. म्हणून प्रत्येकाकडे दोन तळ पुरेल इतकं पाणी हवं. कचरापेट्या कुठेही नाहीत, कचरा बरोबर न्यायचा.

प्रश्न : पाऊस लागला तर? आणि सायकल कोणती घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाऊस लागेलच असं धरा. मडगार्ड आणि निदान ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर लावा. शर्यतीची बारीक टायरची सायकल नको. हँकॉकच्या आसपास कालव्याला समांतर जुन्या रेल्वेमार्गावर डांबरी सायकल वाट आहे, चिखल फार झाला तर काही मैल तिच्यावरून जा. घंटा लावा आणि पुढे माणूस दिसला की लांबूनच वाजवा. भाड्याची सायकल घेणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी सामान लादून दहा किलोमीटर चालवून पाहा. आम्हाला मिळालेल्या एका सायकलचं मागचं कॅरिअर दोन स्क्रूंऐवजी एकावर उभं होतं आणि ते पहिल्याच दुपारी कळलं. संध्याकाळी मोजे काढताना पायांवर गोचिडी शोधा, रोज, न चुकता. तीन पानांच्या विषारी वेलीला हात लावू नका. कंबरलंडला जायला वॉशिंग्टनहून अ‍ॅमट्रॅकची रेल्वे आहे. सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे सगळ्यांची तिकिटं एकदमच काढा.

प्रश्न : मे चांगला की सप्टेंबर? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मे महिन्यात फुलं आणि पक्षी जास्त, नदीला पाणी जास्त, चिखलही जास्त. मी सप्टेंबर सांगेन, आणि त्याचं कारण एक फळ. पॉ पॉ गावाला नाव मिळालं तेच हे पॉ पॉ. हिरवट, बटाट्यासारखं, काठाच्या सावलीत बुटक्या झाडांना लागतं. आपल्या सीताफळाच्याच कुळातलं आहे. मला हे माहीत नव्हतं. बोगद्याच्या अलीकडे एक फळ वाटेवर पडून फुटलं होतं. मी वाकून पाहिलं, पिवळा मऊ गर आणि त्यात काळ्या चपट्या बिया. वास आला आणि मी सायकल खाली टाकून तिथेच बसले. चव केळं आणि आंब्याच्या मधली, गर सीताफळाहून घट्ट. बिया आणि साल खायची नाही. झाड हलवू नका, खाली पडलेलं तेच पिकलेलं असतं. गणिताच्या मैत्रिणीने बिया धुऊन रुमालात बांधून घेतल्या. पुढच्या खांबापाशी आम्ही थांबलो तेव्हा ती आमच्या आधी पोचलेली होती आणि तिने त्या उन्हात वाळत घातल्या होत्या.